बंदूक वगळा, तयारी ठेवा

पारनेर तालुक्यात बदकं मारायला जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान शिकारीसाठी परवान्याची फट राहिली होती. १९९१च्या दुरुस्तीनं तीही बुजली. तरीही तलावावर पहिल्यांदाच बदकं पाहायला निघालेल्यानं तयारी शिकावी ती जुन्या शिकाऱ्यांकडूनच. बार फुकट गेला की पहाट वाया, त्यामुळे बदकाच्या सवयी त्यांना जितक्या नेमक्या ठाऊक असत, तितक्या हल्लीच्या कॅमेरेवाल्या हौशींना क्वचितच असतात.

पहिला प्रश्न वेळेचा. उत्तरेकडची बदकं ऑक्टोबरपासून उतरू लागतात, पण दिवाळीच्या सुमारास बरेच नर अजून विणीनंतरच्या मळकट पिसांत असतात. तलवार बदकाचा नर की मादी, हे सांगताना जाणकारही अडखळतो. डिसेंबरच्या मध्यापर्यंत रंग चढतात, नवख्यानं तेव्हाच निघावं. मग जागा. पाझर तलावाच्या बांधाच्या माथ्यावर उभं राहिलं की आभाळावर माणसाची आकृती उमटते आणि अख्खा थवा उठतो. माथ्याखाली, पिचिंगच्या दगडांशी बसावं. बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून शिकारी वारा पाठीवर घेई. दुर्बीणवाल्यानं मात्र सकाळचं ऊन पाठीशी ठेवावं, म्हणजे पूर्वेचा काठ धरावा. रंग दिसले नाहीत तर थवा जवळ येऊन उपयोग काय? ओळखीची सुरुवात हळदीकुंकू बदकापासून करावी. ते इथलंच, बाराही महिने दिसणारं: काळ्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन तांबडे ठिपके. त्यानंतर फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. उठण्याची तऱ्हाही पाहावी. उथळ पाण्यात चरणारी बदकं जागेवरून सरळ वर उसळतात, बुडी मारणारी पाण्यावर धावत जाऊन उठतात. आठ पटींची दुर्बीण आणि मातकट कपडे एवढं सामान पुरे.

शिकाऱ्यांमुळेच पाणथळी टिकल्या, असं सांगितलं जातं. भरतपूरचं पाणी शिकारीसाठी राखलं गेलं आणि अमेरिकेत १९३४पासून शिकाऱ्यांनी घेतलेल्या ‘डक स्टॅम्प’च्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या गेल्या, हे खरंच आहे. पण त्याच भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. शिवाय पारनेर पर्जन्यछायेतलं. मांडओहळ धरण असो की गावोगावचे पाझर तलाव, ते पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी बांधले गेले. शिकारीच्या पैशावर त्यांचं काहीच अवलंबून नाही. आणि चुकलेला बारही मारतोच: शिशाचे छर्रे गाळात राहतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि शिसं भिनून मरतात.

मग नुसतं पाहण्यानं काय बिघडतं? पुष्कळ. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी प्रत्येक उठवणीत जळते. उडता फोटो हवा म्हणून थव्यावर दगड भिरकावणारा स्वतःला पक्षीप्रेमी म्हणवतो, पण कायद्याच्या व्याख्येत वन्यप्राण्याला हाकणंही शिकारीतच मोडतं. माझ्या मते लपून बसलेला जुना शिकारी निदान पहिल्या बारापर्यंत तरी त्याच्यापेक्षा सभ्य होता.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात ती १९८७पासून सुरू आहे. त्यात आपल्या गावच्या तलावाची नोंद जरूर पाठवा.