उन्हाळ्यात शेततळ्यातील मासे पहाटे का मरतात?

शेततळ्यात मत्स्यबीज सोडलेले शेतकरी बंधू एप्रिल-मे महिन्यांत बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. संध्याकाळी मासे चांगले होते, पहाटे पाहावे तर मोठमोठे कटला, रोहू मरून तरंगत आहेत. पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. कोणीतरी विष टाकले! भांडण करण्यापूर्वी पुढील माहिती अवश्य वाचावी.

चुलीवर पाणी तापत ठेवले असता उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, वायूंचे मात्र उलट आहे. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातच.

आपण म्हणाल, माशांना ५ मिलिग्रॅम पुरतो, मग सात काय वाईट? परंतु मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी १० अंशांनी तापले की त्याची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. तळाचे शेण व उरलेले खाद्यही जोराने कुजू लागते, त्यालाही प्राणवायू लागतो. हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देते, रात्री मात्र स्वतःच वापरते. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास साठा सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी आभाळ असेल तर दिवसाची भरही नीट पडलेली नसते.

अशा वेळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि मोठे मासे आधी मरतात. विषबाधेत बहुधा लहान मासे प्रथम मरतात. हा फरक ध्यानात ठेवावा.

मासे वर आलेले दिसताच मोटार सुरू करून तळ्यातीलच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडावे. बोअरचे पाणी नळीने थेट तळाशी सोडू नये. जमिनीखालच्या पाण्यात मुळातच प्राणवायू फार थोडा असतो, ते दगडावर आपटून पडू द्यावे. त्या दिवशी खाद्य देऊ नये. पाणी गर्द हिरवे असेपर्यंत शेणखतही टाकू नये. वीज रात्रीच्या पाळीला येत असेल तर आभाळाच्या दिवसांत वाट न पाहता पहाटे तीनच्या सुमारासच मोटार लावावी.