बांधीतला मांडव, खिशातलं लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली आणि काही दिवसांत साकोलीहून भाच्याचा फोन आला. "मामाजी, लॅपटॉप भंगारात टाकू का जी? अकरा नंबर याच्यावर चढत नाही म्हणते."

चढणार नाहीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. भाच्याचं यंत्र त्याआधीचं, पण धडधाकट. म्हटलं, आतल्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स चालवून बघ. त्याचा विश्वास बसेना. संगणक घरचा आणि डोकं बाहेरचं, असं कसं?

साकोलीसारख्या झाडीपट्टीतल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. धान निघालं की वडसाच्या नाटक कंपन्या पडदे, दिवे, वाद्यं घेऊन निघतात. मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मांडव पडतो, रात्रभर नाटक रंगतं, उजाडलं की पडदे गुंडाळून कंपनी पुढच्या गावाला. बांधी पुन्हा बांधीच.

लाइव्ह लिनक्सचंही असंच. पेनड्राइव्ह म्हणजे सामानाची गाडी, लॅपटॉपची रॅम म्हणजे बांधी. गाडीतलं सामान दाबून गुंडाळलेलं असतं. जो पडदा लागेल तेवढाच सोडायचा. तुम्ही काही लिहिलंत, बदललंत, तर ते रॅममधल्या एका वरच्या थरात राहतं, मूळ सामानाला धक्का नाही. संगणक बंद केला की तो थर गेला. तो टिकवायचा असेल तर पेनड्राइव्हवरच थोडी जागा राखून ठेवता येते.

कंपनीची खरी परीक्षा गावात उतरल्यावर होते. वीज कुठून घ्यायची, जमीन कशी आहे, काहीच ठाऊक नसतं. इथे मला क्लाउस क्नॉपर आठवतो. लिनक्स जन्माला घालणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचं नाव शाळकरी पोरांनाही माहीत असतं, या जर्मन अभियंत्याचं फारसं कुणी घेत नाही. सीडीवरून चालणारं लिनक्स त्याच्याआधीही होतं. पण २००० साली आलेलं त्याचं 'क्नॉपिक्स' अनोळखी संगणकात शिरून पडदा, माऊस, साउंड कार्ड स्वतःच ओळखून घ्यायचं आणि ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे २ जीबीचा पसारा दाबून बसवायचं. त्याच्या पत्नीची दृष्टी अधू; तिच्यासारख्यांना पडद्यावरचा मजकूर ऐकता यावा म्हणून त्याने क्नॉपिक्समध्ये बोलणारी व्यवस्था घातली आणि तिला पत्नीचंच नाव दिलं, 'एड्रियान'. ताजमहालापेक्षा हे मला अधिक उपयोगाचं वाटतं!

पण गाडी आलीय, हे संगणकाला कळतं कसं? तलावावरचा मोटरपंप आठवा. आधी बादलीभर पाणी ओतल्याशिवाय तो पाणी ओढत नाही. संगणकाचीही तीच गोची: डिस्कवरचा प्रोग्राम वाचायला आधी एक प्रोग्राम चालू असावा लागतो. ते बादलीभर पाणी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचं भरलेलं असतं. जुन्या पद्धतीत ही चिप डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलते. त्यातले प्रोग्रामच्या वाट्याला जेमतेम ४४६ येतात. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून १४८ चिन्हं. एवढ्यात लग्नपत्रिकासुद्धा मावायची नाही. नव्या यूईएफआय पद्धतीत ठरल्या फोल्डरात ठरल्या नावाची फाइल शोधली जाते.

म्हणूनच डाउनलोड केलेली लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफससारख्या प्रोग्रामने ती त्यावर उतरवावी लागते, आणि तेव्हा पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो आधी काढून घ्या. मग संगणक सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जी कळ तुमच्या यंत्राला चालते ती दाबून यूएसबी निवडायची.

पाहुणी कंपनी नको, बाहेरच्या डिस्कवर कायमचं बिऱ्हाडच थाटायचं असेल तर तेही जमतं. मात्र मी त्यात एकदा फसलोय. इन्स्टॉलरने लिनक्स ठेवलं बाहेरच्या डिस्कवर, पण ते सुरू करून देणारा 'ग्रब' बसवला लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर. बाहेरची डिस्क काढून लॅपटॉप चालू केला, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढा एकच शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. कंपनी गेली ती आमच्याच घराची किल्ली घेऊन! तेव्हापासून इन्स्टॉल करताना मी आतली डिस्क आधी सोडवून ठेवतो.

'जुना लॅपटॉप रॉकेटसारखा पळवा' असले व्हिडिओ भाच्याने पाहिलेच होते. त्याला म्हटलं, ४ जीबी रॅम लिनक्समध्येही ४ जीबीच राहते आणि ब्राउझर तिथेही तितकाच खादाड. स्वस्त पेनड्राइव्ह सलग वाचायला बरा, पण बारीकसारीक तुकडे लिहायला लागला की त्याला धाप लागते. शिवाय फ्लॅश मेमरी किती वेळा पुसून लिहायची यालाही मर्यादा आहे. चाचणीला पेनड्राइव्ह चालेल, रोजच्या कामाला बाहेरची एसएसडी घ्यावी आणि ती यूएसबी ३ च्या खोबणीत लावावी: जुन्या यूएसबी २ ची कमाल सेकंदाला ४८० मेगाबिट, हिची ५,०००. पुढचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतही आहेत.

आठवड्याने त्याचा मेल आला, लिनक्सवरून, इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप केलेला. "भंडार्यात थंडी पडली" असं त्यात होतं. मी उलट कळवलं, साध्या र ला य जोडलास तर डोक्यावर रफारच बसणार. शिफ्ट धरून जे दाब, मग हलन्त, मग य. दोन मिनिटांत उत्तर आलं, त्यात एकच शब्द: "भंडाऱ्यात".