घरची गाडी : आधी ब्रेक, मग इंजिन

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी! २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण आपणही अशी जुळणी करणार असाल, तर आधी ब्रेक पाहा, मग इंजिन. तेलाच्या ब्रेकचं पेडल मऊ लागलं तर नळीत हवा शिरली समजा. ती काढून घ्या. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते? म्हणजे दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. पंपाचं एक सिलिंडरचं इंजिन बसवलं असेल तर हादऱ्यानं नट सैल होतात. रोज पाना फिरवा. पट्ट्यावर जाळी हवीच.

रस्त्यावर आणायची तर नोंदणी आणि विमा पाहिजे. ‘जुगाड’ गाड्यांनाही मोटार वाहन कायदा लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं. विम्याशिवाय माणूस दगावला, तर भरपाईपायी जमीन विकायची पाळी येऊ शकते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं : अशी गाडी जत्रेला माणसं भरून निघाली, तर वेशीतच थांबवा.