आजीच्या ओव्या जपू या

पूर्वी पहाटे घरोघरी जाते घरघरे. बाया ओव्या गात. आता गिरण्या आल्या. जाती कोपऱ्यात पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या संभाजीनगरच्या खेड्यांतही हे काम आपल्याला करता येईल.

आवाज टिपायचे यंत्र हातात मावते. दोघी गात असल्या तर त्याला दोन माईक जोडावेत. माईक तोंडापासून एक वीत ठेवावा. दोन माइकांत तीन वितींहून जास्त अंतर असावे.

एकदा आमची चूक झाली. दोन्ही माइकांची बटणे आम्ही सारखीच ठेवली. एका आजींचा आवाज खडा, तो फाटला. दुसरीचा बारीक, तो खरखरीत बुडाला.

बटण म्हणजे पाटाचे दार समजा. पाणी फार सोडले तर बांध फुटतो. कमी सोडले तर पीक वाळते. म्हणून प्रत्येक माईकचे बटण वेगळे लावा. आधी मोठ्याने एक ओवी म्हणायला सांगा. यंत्रावरची पट्टी उणे 12 च्या आसपास राहू द्या. ती शून्याला टेकली की आवाज फाटलाच!

लाऊडस्पीकरच्या यंत्राची तार माईकच्या भोकात घालू नका. तिचा जोर फार असतो. ‘लाइन’ असे लिहिलेल्या भोकात ती घाला.

कानाला हेडफोन लावून आधी ऐका, मगच टिपा. फाटलेला आवाज मागून सांधता येत नाही. आणि आजी पुन्हा गातीलच, असे कोणी सांगावे?