रमाबाई नेमक्या कोणत्या? एकाच नावाच्या चौघींची सरमिसळ कशी ओळखायची

समजा, तुमच्या फीडमध्ये एक पोस्ट आली. वर लिहिलंय, ‘थोर समाजसेविका रमाबाई यांना विनम्र अभिवादन’. फोटो आहे पंडिता रमाबाईंचा. खालच्या मजकुरात त्यांनी पुण्यात सेवासदन काढल्याचं सांगितलंय, आणि शेवटी त्या न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी होत्या अशी माहिती दिली आहे. पोस्टला शेकडो लाइक्स आहेत आणि कमेंटमध्ये हात जोडलेले इमोजी.

या पोस्टमधलं एकेक वाक्य वेगळं काढलं तर कोणत्या ना कोणत्या रमाबाईंबद्दल ते खरंच आहे. पण सगळं मिळून जी बाई उभी राहते, ती कधीच अस्तित्वात नव्हती.

महाराष्ट्राच्या इतिहासात किमान चार रमाबाई प्रसिद्ध आहेत. त्यांचा काळ वेगळा, परिस्थिती वेगळी, काम वेगळं. तरीही नुसतं ‘रमाबाई’ लिहिलं की त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून आधी चौघींची ओळख करून घेऊ.

१. रमाबाई पेशवे

चौघींमध्ये काळाने सर्वात आधीच्या या रमाबाई. थोरले माधवराव पेशवे यांच्या त्या पत्नी. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये माधवराव पेशवे झाले आणि त्यांनी मराठी राज्याची घडी पुन्हा बसवली. क्षयाच्या आजाराने १७७२ च्या नोव्हेंबरमध्ये थेऊरला त्यांचं निधन झालं. रमाबाई तिथेच सती गेल्या. अष्टविनायकांपैकी चिंतामणीच्या दर्शनाला थेऊरला गेलेल्या अनेकांनी नदीकाठची त्यांची समाधी पाहिली असेल.

आज बहुतेकांना या रमाबाई माहीत आहेत त्या कथा-कादंबऱ्यांमुळे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी, तिच्यावरची दूरदर्शनची मालिका आणि २०१४ मधला ‘रमा माधव’ हा चित्रपट यांतून त्या घराघरांत पोहोचल्या. त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर असतो तो बहुतेक वेळा एखाद्या अभिनेत्रीचा चेहरा.

२. पंडिता रमाबाई

जन्म १८५८, माहेरचं आडनाव डोंगरे. वडील अनंतशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुलीला संस्कृत शिकवणं हे त्या काळी धाडसच होतं, ते त्यांच्या घरात झालं. रमाबाईंची विद्वत्ता पाहून १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. म्हणजे ‘पंडिता’ हा नावापुढे जोडलेला नुसता आदरार्थी शब्द नाही, ती मिळवलेली पदवी आहे.

त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोनच वर्षांत पतीचं निधन झालं आणि लहानग्या मनोरमाला घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्याला आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. नंतर दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. बायबलचं मराठी भाषांतर हे त्यांच्या अखेरच्या वर्षांतलं मोठं काम. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं.

शुक्र ग्रहावरच्या एका विवराला ‘मेधावी’ हे नाव दिलंय, ते याच रमाबाईंवरून. डोंगरे, मेधावी, सरस्वती, पंडिता अशा अनेक नावांनी त्या नोंदवल्या गेल्यामुळे शोधणाऱ्याची आणखी दमछाक होते.

३. रमाबाई रानडे

जन्म १८६२, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकर कुटुंबात. वयाच्या अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं. लग्नाच्या वेळी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचा जाच सोसत त्या शिकल्या. ‘उंच माझा झोका’ ही झी मराठीवरची मालिका यांच्यावर होती.

१९०१ मध्ये रानडे यांचं निधन झालं. त्यानंतरची जवळपास तेवीस वर्षं रमाबाईंच्या स्वतःच्या कामाची आहेत, आणि नेमकी हीच वर्षं पोस्टमधून गळतात. सेवासदनच्या मुंबईतल्या कामात त्या होत्याच, १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. स्त्रियांसाठी शिक्षण, शुश्रूषा प्रशिक्षण आणि हाताला काम देणारी ही संस्था होती. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक आलं. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

४. रमाबाई आंबेडकर

दापोलीजवळच्या वणंद गावच्या या रमाबाई. जन्मवर्ष सहसा १८९८ दिलं जातं. आई-वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. १९०६ च्या सुमारास मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकानं बंद झाल्यावर, भीमराव आंबेडकरांशी त्यांचं लग्न झालं. बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिका आणि इंग्लंडला असताना घर चालवण्याचा भार त्यांच्यावर होता. गरिबीत एकामागून एक मुलं गेली, एकटे यशवंत मोठे झाले. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाईंचं निधन झालं. बाबासाहेबांनी आपलं ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक त्यांना अर्पण केलं.

लाखो लोकांसाठी त्या ‘रमाई’ किंवा ‘माता रमाई’ आहेत. मुंबईत ‘एमआरए मार्ग पोलीस ठाणे’ अशी बातमी वाचता, तेव्हा ते ‘माता रमाबाई आंबेडकर मार्ग’ याचंच छोटं रूप असतं. घाटकोपरची रमाबाई नगर ही वस्तीही त्यांच्याच नावाची. ११ जुलै १९९७ रोजी तिथे झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जणांचा जीव गेला होता.

सर्वात जास्त घोळ कोणत्या दोघींत होतो?

पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे यांच्यात. त्याला कारणंही आहेत.

पहिलं कारण, दोघी समकालीन होत्या आणि १८८२ मध्ये एकाच शहरात होत्या. पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजाच्या सभांना रमाबाई रानडे जायच्या. या सभांना जाण्यावरून घरात किती बोलणी खावी लागली, हे त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. त्यामुळे ‘रमाबाई सभेत बोलल्या’ एवढंच वाचलं तर कोण बोललं आणि कोण ऐकायला बसलं होतं, ते कळत नाही.

दुसरं, संस्थांची नावं. एकीचं शारदा सदन, दुसरीचं सेवासदन. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. पण शारदा सदन १८८९ चं आणि सेवासदन त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी आलेलं.

तिसरं, दोन्ही गोष्टींत न्यायमूर्ती रानडे आहेत. शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात ते होते. तिथल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय असा वाद पेटला, तेव्हा १८९३ मध्ये ते आणि डॉ. भांडारकर मंडळातून बाहेर पडले. म्हणजे ‘रमाबाई आणि रानडे’ हे शब्द एकत्र दिसले तरी प्रत्येक वेळी विषय पती-पत्नीचा असेलच असं नाही.

इतक्या जणींचं नाव एकच का?

रमा हे लक्ष्मीचं नाव. घरात येणाऱ्या सुनेचं नाव बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती, आणि नवं नाव शुभ समजल्या जाणाऱ्या मोजक्या नावांतून निवडलं जायचं. रमाबाई रानड्यांचं माहेरचं नाव यमुना होतं. डॉ. आनंदीबाई जोशी यांचंही माहेरचं नाव यमुनाच! एक यमुना रमा झाली, दुसरी आनंदी.

आनंदीबाई या नावाचीही हीच गत आहे. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई पेशवे, ज्यांचं नाव ‘ध चा मा’ या आख्यायिकेशी जोडलं जातं. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी. आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे, म्हणजेच बाया कर्वे. या तिसऱ्या आनंदीबाई पूर्वीच्या गोदूबाई. बालविधवा म्हणून त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर त्यांचं नाव आनंदी झालं. डॉ. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला तर पंडिता रमाबाई स्वतः हजर होत्या. एका गोष्टीत इतकी सारखी नावं आली की वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच.

त्यावर ‘बाई’ हा प्रत्यय सगळ्यांना सारखा. म्हणजे व्यक्ती ओळखायला हाताशी उरतं ते फक्त आडनाव. आपण पोस्ट लिहिताना आपुलकीने नेमकं तेच गाळतो.

पण चुकलं तर बिघडतं कुठे?

बरंच बिघडतं. या बायकांना स्वतःची ओळख मिळवायला आयुष्य खर्ची घालावं लागलं. पंडिता रमाबाईंनी धर्मांतर केलं म्हणून त्यांच्या हयातीतच त्यांना बाजूला टाकलं गेलं. त्यांच्या कामाचं श्रेय आज दुसऱ्या रमाबाईंच्या नावावर गेलं, तर तो अन्याय पुन्हा एकदा होतो. रमाबाई रानडे यांना ‘रानड्यांनी शिकवलेली पत्नी’ एवढ्यावर थांबवलं की पतीच्या पश्चात त्यांनी उभी केलेली संस्था दिसेनाशी होते. आणि रमाई आंबेडकरांच्या जयंतीला भलत्याच बाईंचा फोटो लावला, तर त्यांना आई मानणाऱ्यांना तो अपमान वाटणं साहजिक आहे.

शिवाय ही पोस्ट वाचून कुणी शाळेत भाषण करतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढतं. ‘शारदा सदन कोणी स्थापन केलं?’ या प्रश्नाला पर्यायांत दोन्ही रमाबाई असल्या, तर चुकीच्या पोस्टची किंमत थेट गुणांत मोजावी लागते.

शेअर करण्याआधी काय तपासायचं?

आडनाव बघा. नुसतं ‘रमाबाई’ असेल तर पोस्टमध्ये कोणतं आडनाव, कोणती संस्था, कोणतं गाव आलंय ते शोधा. थेऊर म्हटलं की पेशवे, केडगाव म्हटलं की पंडिता, पुण्याचं सेवासदन म्हटलं की रानडे, वणंद किंवा राजगृह म्हटलं की आंबेडकर. गावांचीही नावं सारखी असतात, हे विसरू नका. मुक्ती मिशनचं केडगाव दौंड तालुक्यातलं, अहिल्यानगर शहरालगतचं केडगाव वेगळं.

वर्षांचा हिशेब जुळवा. १९०९ ची संस्था आणि १७७२ चा मृत्यू एकाच व्यक्तीचा असू शकत नाही. इतका साधा हिशेब घातला तरी निम्म्या चुका पकडता येतात.

फोटोच्या बाबतीत एकच विचारा, तेव्हा कॅमेरा होता का? छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. त्यामुळे रमाबाई पेशव्यांचा ‘दुर्मीळ फोटो’ म्हणून जे काही फिरत असेल, तो खरा फोटो असूच शकत नाही. ते चित्र असेल, मालिकेतलं दृश्य असेल किंवा संगणकाने बनवलेली प्रतिमा. बाकी तिघींच्या बाबतीत इमेज सर्च करून तोच फोटो इतर ठिकाणी कोणाच्या नावाने दिलाय ते पाहा. मालिकेतल्या अभिनेत्रीचा फोटो असेल तर तेही लगेच कळतं.

गुगलवर किंवा एआयला विचारतानाही पूर्ण नाव द्या. ‘रमाबाईंची माहिती’ असं विचारलंत तर चौघींची खिचडी समोर येण्याची शक्यता जास्त. ‘रमाबाई रानडे सेवासदन पुणे’ असं विचारलंत तर उत्तर नेमकं येतं, आणि आलं नाही तरी चूक कुठे आहे ते तुम्हाला ओळखता येतं.

आणि पोस्ट तुम्हीच लिहिणार असाल, तर अभिवादनाच्या पहिल्याच ओळीत पूर्ण नाव लिहा. एक आडनाव जास्त टाइप करावं लागेल, पण वाचणाऱ्याला आपण कोणापुढे हात जोडतोय ते कळेल.