डोळ्याजवळचा एक केस

भुंगेरा म्हटलं की कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाला हुमणी आठवते. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमणारे ते तपकिरी भुंगेरे. मसाई पठारावर जांभ्याचा सुटा दगड उलटला की त्याखालून जो काळा किडा सुसाट पळतो, तो मात्र निराळ्या घराण्यातला: कॅरॅबिडी कुळातला भू-भुंगेरा. बहुतेक जाती शिकारी, लहानसहान किड्यांवर जगणाऱ्या.

पण काळा दिसला, दगडाखाली सापडला, एवढ्यावर निकाल देता येत नाही. मसाईसारखा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, उन्हाळ्यात भाजून निघतो, पावसाळ्यात जागोजागी पाण्याखाली जातो. सुट्या दगडाखालचा आसरा सगळ्यांनाच हवा असतो. हमखास गोंधळ होतो तो टेनेब्रियोनिडी कुळातल्या काळ्या भुंगेऱ्यांशी. तेव्हा दहापट भिंग घ्यावं आणि पावलांचे सांधे मोजावेत. भू-भुंगेऱ्याच्या सहाही पावलांना पाच-पाच. टेनेब्रियोनिडीच्या मागच्या दोन पावलांना चारच. मग किडा उताणा करावा. भू-भुंगेऱ्याच्या मागच्या पायांची बुडं पोटाच्या पहिल्या पट्टीवर अशी बसलेली असतात, की ती पट्टी मधोमध तुटते. ही खूण पक्की.

पुढचं काम जास्त किचकट. डोळ्याच्या वरच्या कडेला ताठ केस एक आहे की दोन, हे पाहायचं. हार्पॅलिनी गटात एक, प्लॅटिनिनीत दोन. हाताळताना केस झडला तरी त्याचा खळगा राहतो, तो शोधायचा. मोबाइलवर वरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, तरी फोटो पाहून जातीचं नाव ठोकून देणारे भेटतातच. जात ठरवायला बऱ्याचदा नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं.

ब्रिटनमध्ये हीदरच्या झुडपांनी भरलेल्या माळावर असा किडा सापडला, तर तिथल्या सुमारे ३५० जातींसाठी हाताशी ताजी पुस्तकं आहेत. आपल्याकडे अजूनही एच. ई. अँड्र्यूज यांचे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'तले १९२९ आणि १९३५ चे खंड काढावे लागतात, आणि त्यांत सगळं कुळ आलेलंच नाही.

फेरोप्सोफस हा भू-भुंगेरा मात्र स्वतःच ओळख देतो. छेडलं की पोटाच्या टोकातून 'फट्' आवाज करत जवळपास १०० अंश सेल्सिअसचा फवारा उडवतो. हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची ती करामत. तिथे भिंगाची गरज नाही, पण उघड्या बोटांनी धरू नये. तपकिरी डाग साबणाला दाद देत नाहीत.