कडं फोडायचं तर हवा लागते

पाचटाच्या ढिगावर कल्चर ओतलं की त्यातलं 'एन्झाइम', म्हणजे विकर, सगळं कुजवून टाकतं, असं अनेक जण धरून चालतात. कल्चरचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण कुजवणं हे एकट्यादुकट्या विकराचं काम नाही. त्यातलं एक अवघड काम करणाऱ्या विकरापर्यंत तर पाचट पाचटाच्या रूपात कधी पोचतच नाही.

झाडाला ताठपणा देणारं लिग्निन हे रेणूंचं अवाढव्य जाळं. ते जिवाणूच्या पेशीत मावणं शक्यच नाही, म्हणून आधी बाहेरच तोडावं लागतं. त्यात लाकडावरच्या पांढऱ्या कुजीची बुरशी सर्वांत तरबेज. काही जिवाणूही हातभार लावतात. सुटलेले फेरुलिक, व्हॅनिलिक आम्लासारखे तुकडे स्यूडोमोनास पुटिडासारखे मातीतले जिवाणू आत घेतात. आत एकामागून एक विकरं या तुकड्यांना छाटत जातात आणि त्यांतले बरेचसे शेवटी प्रोटोकॅटेच्युएट या एकाच रेणूवर येतात. मग पाळी येते प्रोटोकॅटेच्युएट ३,४-डायऑक्सिजनेजची. त्या रेणूतलं सहा कार्बनचं कडं फोडणं हे त्याचं काम.

'नैसर्गिक आहे, म्हणजे सहज कुजेल' हा समज इथेच कोलमडतो. या कड्यातले काही इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांमध्ये वाटले गेलेले असतात, त्यामुळे ते विलक्षण स्थिर असतं.

ते फोडायला विकर ऑक्सिजन वापरतं, आणि या ऑक्सिजनबद्दलचा गैरसमज तर शास्त्रज्ञांमध्येही होता. रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश वीलँड यांच्या मांडणीचा प्रभाव इतका, की सजीवांतलं ऑक्सिडीकरण म्हणजे हायड्रोजन काढून घेणं, असंच मानलं जाई. पदार्थात ऑक्सिजन शिरलाच, तर तो पाण्यातून येतो असं गृहीत होतं. १९५५ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ ओसामु हायाइशी यांनी याच कुळातलं, कॅटेकॉल या रेणूचं कडं फोडणारं विकर घेतलं. (कॅटेकॉल पहिल्यांदा मिळालं ते कातापासून, कोकणात खैरापासून काढतात, तोच कात.) त्यांनी एकदा हवेतला ऑक्सिजन जड समस्थानिकाचा वापरला, एकदा पाण्यातला. कडं फुटून झालेल्या म्युकॉनिक आम्लात नव्याने आलेले ऑक्सिजनचे दोन्ही अणू हवेतले निघाले, पाण्यातला एकही नाही. माझ्या मते जीवरसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी हा एक.

या विकरात लोह असतं. लोह असलेलं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिनसारखं, आधी ऑक्सिजन धरणारं, असंही वाटतं. प्रोटोकॅटेच्युएट फोडणाऱ्या विकराचं शुद्ध द्रावण गडद तांबडं दिसतं खरं, पण त्यात हिमोग्लोबिनमधलं हीम नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या स्फटिकरचनेत दिसलं, की लोहाला दोन टायरोसिन आणि दोन हिस्टिडिन ही अमिनो आम्लं धरून आहेत. तांबडा रंग या टायरोसिन-लोह जोडीचा. प्रोटोकॅटेच्युएट आलं की एक टायरोसिन बाजूला सरतं आणि त्याच्या जागेवर रेणूचे शेजारशेजारचे दोन हायड्रॉक्सिल गट लोहाला चिकटतात. म्हणजे लोह आधी पकडतं ते कड्याला. तसं पकडलेलं कडं ऑक्सिजनला सामोरं जातं आणि त्या दोन हायड्रॉक्सिलांच्या मधोमध फुटतं. पुढे आणखी काही पायऱ्यांनी त्याचं पेशीच्या रोजच्या इंधनात रूपांतर होतं.

कडं फोडणं ही जिवाणूंची मक्तेदारी मात्र नव्हे. आपल्या यकृतातलं एक विकर टायरोसिनपासून आलेलं कडं असंच फोडतं. ते जन्मतः निकामी असेल तर अल्कॅप्टोन्युरिया हा विकार होतो आणि लघवी हवेत ठेवल्यावर काळी पडते.

आता पुन्हा पाचटाकडे. खड्ड्यात पाणी तुंबलं आणि हवा संपली, की जिवाणू कितीही असोत, डायऑक्सिजनेज बसून राहतं. त्याचा अर्धा कच्चा माल ऑक्सिजनच आहे. थाउएरा अ‍ॅरोमॅटिकासारखे जिवाणू हवेविनाही कड्याचा भेद करतात, पण वेगळ्या विकराने आणि पेशीची बरीच ऊर्जा खर्चून. शिवाय लिग्निनचं मोठं जाळं हवेविना फारच सावकाश तुटतं, त्यामुळे त्यांच्यापर्यंत तुकडे पोचतात तेही थोडेच. ढीग ओलसर ठेवूनही पाणी साचू न देणं आणि अधूनमधून वरखाली करणं, यांतून कल्चरमधल्या जिवाणूंना हा ऑक्सिजन मिळतो.